सत्तेचाळिसावी ओळ

सर्व्हरला ती 'बये' म्हणायची. कुत्र्यांना 'साहेब' म्हणायची आणि साहेबांना नुसत्या नावाने हाक मारायची. फोन वाजला की आधी शिवी, मग हॅलो. खिमा भरून भाजलेल्या पेस्टीवर वरून सॉस ओतणं तिला मान्य नव्हतं. ती बोटाने भोक पाडून सॉस आत भरायची आणि तेच बोट कीबोर्डवर ठेवायची. देव मानत नव्हती, पण सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायच्या आधी छातीवर क्रॉस करायची. मीटिंगमध्ये विणत बसायची. मीटिंग फुकट गेली असं वाटलं तर उठताना विणलेलं सगळं उसवायची, सगळ्यांच्या देखत. मी तिला पाहिलं त्या चार वर्षांत तिच्या स्वेटरला बाही फुटली नाही.

ग्लेनिस ट्रेगिया. वय एकसष्ट. नॅराकूर्ट गावात बेकरीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं, आणि ऑफिसातला सगळा सर्व्हर-कोड तिचा होता. आधी सव्वीस वर्षं ती गुरामेंढरांच्या एजंटकडे टायपिंग करत होती. घटस्फोट झाल्यावर तिने स्वतःसाठी दोन गोष्टी घेतल्या: नवी गादी आणि प्रोग्रॅमिंगचा कोर्स. गादी पंधरा दिवसांत परत केली.

मी साहित्याची पदवी घेऊन तिथे लागले. सॉफ्टवेअरची मदतपानं लिहायला कोणीतरी हवं होतं. पहिल्या दिवशी ग्लेनिसने विचारलं, कॉलेजात काय शिकलीस. मी म्हणाले, एकोणिसाव्या शतकातली कादंबरी.

"म्हणजे कोण कोणाबरोबर झोपलं तेच ना," ती म्हणाली. "बस, विदुषी. आपणही तेच करतो."

ती थट्टा करत नव्हती. कंपनीकडे साऱ्या टापूतल्या मेंढरांची नोंद होती. कुठलं जनावर कुठून कुठे गेलं, कुठल्या वाडग्यात कोणाबरोबर राहिलं. डेटाबेसमध्ये प्रत्येक एडका म्हणजे एक गोल. दोन एडके एका वाडग्यात राहिले की दोन गोलांमध्ये एक रेघ. लाखभर गोल आणि त्यांचा गुंता. त्या गुंत्याला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा: याच्याबरोबर कोण होतं, आणि त्यांच्याबरोबर कोण, आणि त्यांच्याबरोबर.

हा प्रश्न कशासाठी, तेही तिनेच सांगितलं. एडक्यांना एक रोग होतो. ब्रुसेला. अंडकोषाला गाठी येतात आणि एडका बाद होतो. दिसायला धडधाकट, कामाला शून्य. तो एका एडक्याकडून दुसऱ्याकडे जातो. कारण मेंढ्या नसताना एडके एकमेकांवर सराव करतात. हे ऐकताना मी टिपणं घेत होते. ग्लेनिस म्हणाली, "'सराव' हा शब्द मदतपानात घालू नकोस. ॲलिस्टर लाजतो." ॲलिस्टर म्हणजे आमचा मालक.

आमच्याकडे माणसं शेजाऱ्याला ट्रॅक्टर देताना कुरकुरतात, पण एडका देतात. सहा बियरच्या बदल्यात, पंधरा दिवसांसाठी. पंधराचे चाळीस होतात, मग तो शेजारी पुढच्या शेजाऱ्याला देतो. त्यामुळे प्रश्न साधा असला तरी उत्तर लांबलचक यायचं. जुना कोड ते सगळं उत्तर आधी मेमरीत गोळा करायचा आणि मग एकदम पाठवायचा. मोठं उत्तर आलं की सर्व्हर बसायचा. उत्तर मागणारा पलीकडे पांढऱ्या पडद्याकडे बघत राहायचा.

ग्लेनिसने एका ऑक्टोबरात ते बदललं. डेटाबेसने एक ओळ दिली की ती लगेच बाहेर. साठवायचं काहीच नाही. घेणारा हळू असेल तर आपणही हळू, तो थांबला तर आपणही थांबलो. मदतपानासाठी मी तिला सोपं करून सांग म्हटलं. ती म्हणाली, "पॅनकेक तव्यावरून उतरला की ताटात. पन्नास होईपर्यंत पोरांना उपाशी ठेवायचं नाही." मी ते तसंच लिहिलं. ॲलिस्टरने खोडलं.

बदल सुरेख होता. पहिलं नाव अर्ध्या सेकंदात दिसायला लागलं. ग्लेनिस आठवडाभर सगळ्यांना उगाचच क्वेऱ्या, म्हणजे तोच प्रश्न, चालवून दाखवत होती. बेकरीवाल्यालाही.

जानेवारीत एका पैदासकाराच्या कळपात अकरा एडके रोगी निघाले. त्याने ऑक्टोबरातच शंभरावर विकले होते. तपासायला गावची जनावरांची डॉक्टर पिपा गेली होती. तिने कुरणातूनच, एका हातात मोजा आणि दुसऱ्या हातात फोन, आमची क्वेरी चालवली. यादी आली. खाली हिरवी बरोबरची खूण आली. तिने ती एजंटला पाठवली आणि एजंटने दोन दिवसांत एकूणएक फोन केले: एडके बांधून ठेवा, तपासणीशिवाय मेंढ्यांत सोडू नका. आमच्याकडे फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी एडके सोडतात. फोन वेळेत झाले. ॲलिस्टरने खालून लॅमिंग्टन केक मागवले.

मे महिन्यात डॅरिल पॅशच्या मेंढ्यांची सोनोग्राफी झाली. नऊशेपैकी चारशे दहा रिकाम्या. वर्षाची कोकरं अर्ध्यावर. त्याने पिपाला बोलावलं, पिपाने त्याचे एडके चाचपले, आणि दोघांमध्ये गाठी सापडल्या. शेजाऱ्याकडून आणलेल्या एडक्याबरोबर ते डिसेंबरभर एका वाडग्यात होते. पिपाने विचारलं, मग जानेवारीत फोन आल्यावर बांधून का नाही ठेवलेस. डॅरिल म्हणाला, कसला फोन.

डॅरिल पॅश हा ग्लेनिसचा घटस्फोटित नवरा.

गावाला याहून जास्त काही सांगावं लागलं नाही. यादी बनवणारी ग्लेनिस, यादीतून गायब डॅरिल. शुक्रवारपर्यंत ते फुटबॉल क्लबात पोचलं, शनिवारी चर्चमध्ये. बेकरीत दोन बायकांनी तिला हळूच शाबासकी दिली. त्यातल्या एकीने तिच्या पेस्टीचे पैसेही दिले.

तिला शिव्यांपेक्षा शाबासकीचा राग आला. जिना चढून आली ती सरळ माझ्या टेबलाशी. ती जे म्हणाली त्यातला छापण्याजोगा भाग असा, की यादी बनवणाऱ्याच्या मनाप्रमाणे नावं येतात नि जातात असं एकदा लोकांच्या डोक्यात बसलं, तर पुढच्या वेळी फोन आला तरी एकही जण एडका बांधणार नाही. मग आपण सगळ्यांनी खाली जाऊन पाव भाजावेत.

तिने तीच क्वेरी ऑफिसात चालवली. बावन्न नावं. डॅरिल सत्तेचाळिसाव्या ओळीत. पिपाच्या फोनवर जानेवारीची यादी अजून होती. एकोणचाळीस नावं. उरलेली तेरा कुठे गेली ते कळायला मार्ग नव्हता. सर्व्हरची रोजनिशी चौदा दिवसांनी पुसली जाते, आणि ओळी तर आम्ही साठवतच नव्हतो. तोच तर बदल होता. बाकीच्या बारा जणांनी गावात ऐकून एडके बांधले होते. डॅरिल कोणाकडे जात नसे आणि त्याच्याकडेही कोणी जात नसे.

ॲलिस्टरने मीटिंग घेतली. तो म्हणाला, आपण कळवू या की नाव नजरचुकीने राहिलं. माणसाची चूक लोक माफ करतात, यंत्राची करत नाहीत.

"कुठल्या माणसाची?" ग्लेनिसने विचारलं.

ॲलिस्टरने मीटिंग आटोपती घेतली. ग्लेनिसने स्वेटरच्या पाठीचा सगळा भाग उसवला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती मला गाडीत घालून त्या पैदासकाराच्या कुरणावर घेऊन गेली. पिपा जिथे उभी होती ते फाटक शोधून काढलं. फोनला रेंजची एकच काडी होती, तीही मी फाटकावर चढल्यावर. मी क्वेरी चालवली आणि नावं मोठ्याने वाचायला लागले. पाच आली. थांबली. मग तीन. मग बराच वेळ काही नाही. एक मेंढी आमच्याकडे बघत होती. मग आणखी काही. छत्तिसाव्या नावानंतर यादी संपली आणि खाली हिरवी खूण उमटली.

पुन्हा चालवली. एक्केचाळीस. हिरवी खूण.

ग्लेनिस त्या चिखलात नाचली. मी तिला तेवढी खूश कधी पाहिली नव्हती. "आपलीच चूक आहे," ती म्हणत होती. "विदुषी, चूक खरोखर आपलीच आहे."

परत येताना तिने ती मला समजावली, एका हाताने गाडी हाकत. घेणारा हळू असला की आपण थांबतो. आपण थांबलो की डेटाबेसही उरलेलं उत्तर हातात धरून थांबतो. पण तो दोनच मिनिटं थांबतो. त्या फाटकावर दोन मिनिटांत सगळी नावं उतरत नाहीत. मग डेटाबेस वैतागून हात झटकतो आणि सर्व्हरला सांगतो की गडबड झाली. पण तोवर उशीर झालेला असतो. कारण पहिली ओळ पाठवायच्या आधीच सर्व्हर पलीकडच्याला सांगून बसलेला असतो की सगळं ठीक आहे. ते वाक्य एकदाच म्हणता येतं, आणि तेही सुरुवातीलाच. नंतर काहीही होवो, मागे घेता येत नाही.

"लग्नासारखं," ती म्हणाली.

मी विचारलं, मग गडबड झाल्यावर आपला कोड काय करतो. तिने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाली की तिथे तिने स्वतःच एक ओळ लिहिली आहे. काही बिघडलं तर आरडाओरडा न करता यादी नीट बंद करायची. समोरच्याला वाटतं संपली.

"आयुष्यात एकदाच सभ्यपणा केला," ती म्हणाली. "बघ काय झालं."

ती चूक तिने दुपारीच दुरुस्त केली. आता प्रत्येक यादीच्या शेवटी एक ओळ जाते: संपली, एकूण इतकी नावं. ती ओळ आली नाही तर पडदा लाल होतो. तीस-चाळीस ओळींचं काम होतं. तिने ते पेस्टी संपायच्या आत केलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, चल, डॅरिलकडे जाऊ. मी म्हणाले, मी कशाला. ती म्हणाली, साक्षीदार लागेल, कोणी कोणाला मारलं ते सांगायला.

डॅरिल आवारात उभा होता. रिकाम्या मेंढ्यांच्या पाठीवर निळ्या रंगाचा पट्टा मारलेला होता, आणि निळ्या पाठी खूप होत्या. त्याने आम्हाला आत बोलावलं नाही. ग्लेनिसने कुंपणाच्या या बाजूनेच सगळं सांगितलं. फाटक, दोन मिनिटं, हिरवी खूण, तिची स्वतःची ओळ. माफी मागितली, तीही पाढे म्हटल्यासारखी, न थांबता. तो हवामानाच्या बातम्या ऐकावा तसा ऐकत होता.

"म्हणजे मुद्दाम नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मुद्दाम वगळलं असतंस, तर निदान माझी आठवण काढलीस असं तरी म्हणता आलं असतं."

"तुला मुद्दाम वगळायचं असतं तर पहिल्याच ओळीत उडवला असता, डॅरिल. सत्तेचाळीसपर्यंत कशाला थांबेन?"

"माझ्याबरोबर एकोणीस वर्षं थांबलीस की."

"त्यातूनच शिकले."

तो हसला. नाकातून, एकदाच, पण हसला. कुंपणावरचा हात काढून त्याने टोपी मागे सारली आणि मेंढ्यांकडे बघत राहिला. मला वाटलं, संपलं. मी गाडीच्या दिशेने वळलेसुद्धा.

"माझी एकच यादी तुटली कशावरून?" तो म्हणाला.

ग्लेनिसने माझ्याकडून पेन घेतलं आणि तो प्रश्न तळहातावर लिहून घेतला. 

डॅरिलने शब्द पाळला, म्हणजे न दिलेला. त्या शुक्रवारी तो कित्येक वर्षांनी फुटबॉल क्लबात गेला आणि दोन बियर होईपर्यंत थांबून सगळ्यांना सांगितलं की ग्लेनिसने काही केलेलं नाही, तिचं यंत्र मठ्ठ आहे. अर्ध्या लोकांना पटलं. बेकरीतल्या त्या बाईने पेस्टीचे पैसे परत मागितले नाहीत, पण बोलणं कमी केलं.

प्रश्न मात्र राहिला. ऑक्टोबरातला बदल आणि मेमधली दुरुस्ती यांच्यामध्ये आम्ही दोनशे चौदा याद्या पाठवल्या होत्या. त्यातल्या किती अर्ध्यावर तुटून हिरव्या झाल्या, हे सांगायला आमच्याकडे काही नव्हतं. ज्याला मिळाली त्याच्याकडेच ती यादी असणार. कुणा डॉक्टरच्या फोनवर, कुणा एजंटच्या मेलमध्ये, एका म्हाताऱ्याने तर फ्रिजवर चिकटवली होती.

ग्लेनिस जेवणाच्या सुट्टीत एकेकाला फोन करायला लागली. शिवी, हॅलो, मग विनवणी: जुनी यादी शोध आणि पाठव. बहुतेकांना वाटायचं की ती काहीतरी विकायला बघते आहे. यादी आली की मी नावं वाचायची. ती त्या तारखेचा गुंता डेटाबेसमधून पुन्हा उभा करायची आणि ओळी जुळवायची. एका वहीत तीन रकाने होते: तारीख, मिळाली, असायला हवी. दिवसाला दोन याद्या झाल्या तरी खूप.

ॲलिस्टर एकदा जिन्यात थांबून म्हणाला की दुरुस्ती झालीच आहे, आता जुनं उकरून काय मिळणार.

"काय निघेल ते," ती म्हणाली आणि त्याच्या हातातला कागदी पेला घेऊन कॉफी पिऊन टाकली.

दोन निघाल्या. सत्तराव्या यादीत तीन नावं कमी होती. तिघांनाही फोन केले. दोघांनी एडके तपासून घेतले, ते बरे निघाले, तिसऱ्याने त्याचा एडका नाताळात खाल्ला होता. एकशे अठराव्या यादीत एक नाव कमी होतं, लुसिंडेलच्या एका विधवेचं. तिला कळवल्यावर ती म्हणाली की तिचा एडका गेल्याच वर्षी मेला, पण फोन केल्याबद्दल आभार, आणि पुढला पाऊण तास ती त्या एडक्याविषयी बोलली. ग्लेनिसने सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "हीसुद्धा आपल्या सर्व्हरसारखीच. ओळ आली की लगेच बाहेर."

अशी नावं सापडली की ती गप्प व्हायची, आणि यादी जुळली की शीळ घालायची. खालच्या बेकरीत शीळ ऐकू जायची. त्यावरून बेकरीवाल्याला आमचं काम कसं चाललंय ते कळायचं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी नेटबॉलच्या मैदानावर ती मेली. पंचबाईला शिव्या देत होती. पंचाने हात वर केला, ग्लेनिसने त्या बाईच्या आईविषयी एक वाक्य सुरू केलं, आणि मध्येच खाली बसली. सगळ्यांना वाटलं, शब्द शोधते आहे. मी शेजारीच उभी होते. मलाही तेच वाटलं.

पुरलं मंगळवारी. डॅरिल धुतलेले बूट घालून आला होता. पंचही आली होती, आणि तीच सगळ्यात जास्त रडली. पाद्री ग्लेनिसला सौम्य स्वभावाची म्हणाला तेव्हा मागच्या बाकांवर कोणीतरी खोकलं आणि मग तो खोकला पुढेपर्यंत पसरला.

बाहेर डॅरिल माझ्याजवळ आला. याद्या तपासत कुठवर आली होती, त्याने विचारलं. मी म्हणाले, एकशे एकतीस. त्याने मान हलवली आणि टोपी घातली.

बुधवारी मी ऑफिसात गेले. ॲलिस्टरने तिचं टेबल तसंच ठेवलं होतं. वही उघडी होती. एकशे बत्तिसाव्या ओळीत पहिल्या रकान्यात तारीख होती, गेल्या डिसेंबरची, तिच्या तिरक्या अक्षरात. बाकीचे दोन रकाने कोरे. ती यादी बॉर्डरटाउनच्या एका एजंटला गेली होती, आणि ग्लेनिसने त्याच्याकडे ती शुक्रवारी मागितली होती.

त्याचं उत्तर सकाळीच आलेलं होतं. लिहिलं होतं, ग्लेनिस, जुन्या फोनमध्ये सापडली बघ, आता माझा पिच्छा सोड. खाली यादी. मी मोजली. सत्तावीस नावं.

दुसऱ्या रकान्यात मी सत्तावीस लिहिलं. तिसऱ्यासाठी त्या तारखेचा गुंता पुन्हा उभा करावा लागतो. तो कसा करायचा ते ती मला पुढच्या आठवड्यात शिकवणार होती.